पहिली पाळी हरणाऱ्याची

आयर्लंडमध्ये बसून, कोरियातले सामने बघत, अमेरिकेतल्या अठरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या भवितव्याची काळजी करणारा अमरावती जिल्ह्यातला निवृत्त मुख्याध्यापक साऱ्या पृथ्वीवर एकच असणार, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आला. ते माझ्या मैत्रिणीचे सासरे. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत, नातीच्या पाचव्या वाढदिवसासाठी, तीन महिन्यांच्या बोलीवर ते डब्लिनजवळच्या ल्यूकनला आले. येताना त्यांनी दोन किलो तिखट, एक घोंगडी आणि शाळेतून निवृत्त होताना आठवण म्हणून आणलेली एक कोरी हजेरीवही आणली होती. मार्चमध्ये सगळं बंद झालं, मे महिन्याचं परतीचं विमान रद्द झालं, आणि तीन महिन्यांचे सोळा महिने झाले. मी त्याच घरात, दारावरच्या लहान खोलीत भाड्यानं राहत होते. डब्लिनला औषधनिर्माणशास्त्रात एम.एस्सी. करत होते. मैत्रीण आणि तिचा नवरा दिवसभर वरच्या मजल्यावर दोन लॅपटॉपांसमोर बंद, नात शाळा नाही म्हणून सोफ्यावर उड्या मारत, आणि खाली बैठकीत टीव्हीसमोर काका. मी त्यांना काका म्हणत असे. ते मला सुरुवातीला काहीच म्हणत नसत, कारण हाक मारायला मी समोर सापडतच नसे.

माझं बोलणं मुळात कमी. पुण्यात इंग्रजी शाळेत गेले, त्यामुळे मराठीत चूक होईल म्हणून गप्प, आणि इथे आल्यावर इंग्रजीत उच्चार कळणार नाहीत म्हणून गप्प. दोन्हीकडून सोय होती. काकांकडे मात्र तीन भाषा होत्या आणि तिन्ही खणखणीत. शाळा तपासणीला साहेब आल्यावर बोलायची ती पुस्तकी मराठी, साहेब गेल्यावर बोलायची ती वऱ्हाडी, आणि परदेशी लोकांशी बोलायची ती सरकारी अर्जातली इंग्रजी. पहिल्या महिन्यात ते माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलले. एप्रिलमध्ये एकदा माझ्या हातून कुकरची शिट्टी डाळीत पडली तेव्हा ते “अवं माय!” म्हणाले, आणि तिथून पुढे आम्ही वऱ्हाडीवर आलो.

क्रिकेट बंद पडलं होतं. फुटबॉल बंद, सगळंच बंद. मे महिन्यात मुलाच्या टीव्हीवर काका सकाळी साडेदहाला काहीतरी जिवंत शोधत असताना त्यांना कोरियातला बेसबॉलचा सामना सापडला. मैदान रिकामं, आणि खुर्च्यांवर प्रेक्षक म्हणून कापसाची अस्वलं बसवलेली. पहिले दोन दिवस त्यांनी तो खेळ म्हणजे क्रिकेटचा नापास झालेला धाकटा भाऊ आहे अशा नजरेनं पाहिला. “बॅट गोल कायले? टप्पा काहून नाई?” तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “अस्वलं बरी हाय पन. हल्ला नाई करत.” चौथ्या दिवशी त्यांना ते सापडलं ज्यानं त्यांची झोप उडाली. सामन्याचं समालोचन करणारे अमेरिकन लोक आपापल्या घरून बोलत होते, आणि कोरियातल्या खेळाडूंबद्दल त्यांना सांगण्यासारखं फारसं नसल्यामुळे ते दर दहा मिनिटांनी आपल्या देशातल्या निवडीबद्दल बोलत. दर वर्षी शाळा-कॉलेजातल्या मुलांना मोठे संघ फेऱ्याफेऱ्यांनी निवडून घेतात, आणि आदल्या वर्षी जो संघ सगळ्यात जास्त हरला, त्याला प्रत्येक फेरीत आधी निवडायला मिळतं.

काका सोफ्यावरून उठले. सामना चालू असताना त्यांना उठलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. “पाह्य वं बाई! ज्या शाळेचा निकाल सगळ्यात खराब, तिले पयला नंबर निवडाचा! काहून नाई सुचलं हे आपल्याले? आपल्याकडे काय होते, सगळ्यात मोठी शाळा सगळ्यात हुशार पोट्टे वेचून नेते, आन् मंग चौकात बोर्ड लावते, शंभर टक्के निकाल. अवं, तयार पोट्टे घेऊन निकाल लावला, त्यात मास्तरनं काय केलं?” त्यांच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून दर वर्षी चौथीनंतर हुशार मुलं तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये पळवली जात, हे दुःख त्यांनी चौतीस वर्षं सांभाळलेलं होतं. बोलता बोलता ते माझ्याकडे बघून थांबले. “तू बी कॉन्व्हेंटवालीच न?” मी मान हलवली. “असू दे. तुहा काय दोष.”

त्या दिवशी हजेरीवही उघडली गेली. डावीकडे मुलाचं नाव, मग गाव, वडिलांचा व्यवसाय, उंची, डावा की उजवा, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात रुंद रकाना, शेरा. अमेरिकेतल्या बड्या बड्या तज्ज्ञांनी या मुलांवर पानंच्या पानं लिहिली होती. ती मी वाचून दाखवायची आणि काकांनी त्यांचा एका ओळीत निकाल लावायचा. “हात सोन्याचा, डोकं पितळेचं.” “घाई करतो.” “अक्षर पाहिले नाही, मत राखून ठेवले आहे.” टेक्सासमधल्या एका सव्वासहा फुटी मुलाच्या नावापुढे लिहिलं होतं, “पालकांनी येऊन भेटावे.” प्रसिद्ध खेळाडूंत त्यांना काडीचा रस नव्हता. टीव्हीवर एखादा नामांकित खेळाडू आला की ते चहा ठेवायला उठत. “थो झाला मोठा. त्याच्यात आता पाह्याचं काय? मास्तरचं काम सरलं तिथं.” अमेरिकेतल्या मोठ्या संघांच्या खाली छोट्या संघांच्या चार-पाच पायऱ्या असतात आणि निवडलेली मुलं तिथे वर्षानुवर्षं बसनं गावोगाव हिंडत खेळतात, हे कळल्यावर तर त्यांना तो सगळा देशच जिल्हा परिषदेनं चालवल्यासारखा आपला वाटू लागला. सगळ्यात खालच्या पायरीला ते बालवाडी म्हणत.

मुलगा कसा मारतो किंवा कसा फेकतो यापेक्षा तो बाद झाल्यावर परत कसा चालत येतो यावर काकांचा सगळा सिद्धांत उभा होता. बॅट आपटणारा गेला. खाली मान घालणाराही गेला. “जो येतानी पुढच्याच्या कानात काही तरी सांगते न, का बॉल कसा येऊन राह्यला, थो पोट्टा घ्याचा.” ही कसोटी ते सगळ्यांना लावत. पत्र टाकायला आलेला पोस्टमन कुत्रा भुंकल्यावर कसा परतला, यावरून त्याला त्यांनी पास केलं होतं.

आमच्या वसाहतीच्या मधोमध हिरवळीचा मोठा चौकोन आहे. जूनमध्ये मुलांना बाहेर खेळायची मुभा मिळाली तेव्हा तिथे राउंडर्स सुरू झालं. इथल्या शाळांत खेळतात, बेसबॉलचंच चुलत भावंड आहे ते. दोन कॅप्टन आळीपाळीनं मुलं निवडत होते, आणि आमची पाच वर्षांची नात अर्थातच शेवटी उरत होती. काका दोन मीटर अंतर राखून मधे उभे राहिले आणि सरकारी इंग्रजीत त्यांनी नियम जाहीर केला की जो संघ जास्त कच्चा आहे, तो आधी निवडेल. मला वाटलं आता मुलं हसतील. मी मागे झाडाआड होते, तिथूनच घरी निघायच्या बेतात. पण दोन्ही कॅप्टन क्षणभर विचारात पडले आणि मग एक म्हणाला, “वी आर ब्रूटल.” दुसरा लगेच म्हणाला, “नो, वी आर वे मोअर ब्रूटल!” मग दोन्ही बाजूंनी आपण किती ब्रूटल, म्हणजे इथल्या बोलीत किती भिकार, आहोत याचे पुरावे सादर होऊ लागले. एकानं आपल्या भावाला चष्मा असल्याचं सांगितलं. खेळ सुरूच झाला नाही. काका मात्र घरी येताना तरंगत होते. “चौतीस वर्सं शाळेत काढली मी. आमी जास्त ढ हाओ म्हनून भांडनारे पोट्टे पयल्यांदा पाह्यले. या देशाले भविष्य हाय.”

त्यांच्या मतांना विरोध करणारा एकच माणूस होता, आमचा शेजारी डेक्लन. सत्तरीचा, कुंपणाच्या भिंतीपलीकडे गुलाब छाटत असणारा, आणि पूर्वी गावातल्या मुलांना हर्लिंग शिकवलेला. हर्लिंग म्हणजे चपट्या काठ्यांनी वाऱ्यासारखा चेंडू मारायचा इथला खेळ. त्यात निवड नाही, विक्री नाही, पगार नाही. ज्या गावात जन्मलात त्या गावाकडून खेळायचं आणि सोमवारी कामावर जायचं. हे ऐकून काका इतके अस्वस्थ झाले की चहाचा कप त्यांनी भिंतीवरच ठेवला.

“बट डेक्लनभाऊ, स्मॉल व्हिलेज? ओन्ली टू बॉइज, बोथ वीक?”

“देन यू लूज,” डेक्लन म्हणाला.

“अँड नेक्स्ट इयर?”

“यू लूज अगेन, प्लीज गॉड बाय लेस.”

पुन्हा हरायचं, पण देवाच्या कृपेनं जरा कमी फरकानं: काका दोन दिवस त्यावर विचार करत होते. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना मला म्हणाले, “चूक नाई त्याचं. पन बरोबर बी नाई.” त्यानंतर वर्षभर रोज दहा वाजता भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन कप ठेवले जात आणि हा वाद पुढे चालू राही. डेक्लन काकांचा उल्लेख ‘युवर मॅन’, म्हणजे इथल्या बोलीत ‘तो गृहस्थ’, असा करत असे. “युवर मॅन इन्साइड?” असं तो मला विचारी, आणि मी मान हलवत असे.

त्याच जूनमध्ये दोन गोष्टी झाल्या. पदवी मिळताच रुजू व्हायचं म्हणून मला एका कंपनीनं जागा देऊ केली होती. तिची ईमेल आली की परिस्थिती पाहता ही भरती आम्ही रद्द करत आहोत. इथे शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला सरकार ठरावीक मुदत देतं, तेवढ्यात मिळाली तर राहायचं, नाही तर सामान बांधायचं. मी ती ईमेल तीनदा वाचली, कप विसळला आणि खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अर्ज करायला बसले. दुसरी गोष्ट त्याच आठवड्यातली. अमेरिकेतली त्या वर्षीची निवड झाली, ती चाळीस फेऱ्यांऐवजी पाचच फेऱ्यांची. शिवाय खालच्या पायऱ्यांचे सगळे सामनेही रद्द.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. वहीतली नावं एकेक करून टीव्हीवर यायची वाट बघत बसले आणि दोनशेतली जेमतेम काही आली. “बाकीचे पोट्टे कुठे जातीन वं?” ते मला विचारत राहिले, जणू मी निवड समितीवर होते. सगळ्यात जास्त हळहळ त्यांना एका डावखुऱ्या गोलंदाजाची वाटली. छोट्या गावातला, वडील ट्रक चालवणारे. बाद करता आलं नाही की तो टोपी काढून डोकं खाजवत असे आणि हसत असे. त्याचं नाव आलं नाही. “सातव्या-आठव्या फेरीत नक्की लागला असता थो,” काका म्हणाले आणि वही मिटून बसले. मैत्रिणीनं तेव्हा त्यांना माझ्या नोकरीबद्दल सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर हजेरीवही ठेवली. “हे सारं कॉम्प्युटरवर चढवाचं हाय. तू रिकामी हायेस. रोज अकरा ते एक. उशीर चालनार नाई.”

अशी मी त्यांच्या हाताखाली कामाला लागले. सकाळी अर्ज पाठवायचे, मग भिंतीवरचा चहा आटोपून काका आले की दोन तास दोनशे मुलांची माहिती तपासून भरायची. न निवडलेल्यांपैकी कोण कुठल्या संघात थेट शिरलं, कुणी पुन्हा कॉलेज धरलं, कुणी खेळ सोडला. डावखुऱ्याला ऑगस्टमध्ये एका संघानं असंच मागच्या दारानं घेतल्याची बातमी मीच शोधली तेव्हा काकांनी शिरा केला. माझे अर्ज मात्र परत येत होते. इथले लोक नकार फार गोड देतात, वाचताना निम्म्यापर्यंत वाटतं की नोकरी मिळालीच.

आमचं भांडण एकदाच झालं, ते त्या डावखुऱ्यावरून. त्याच्या चेंडूचा जो वेग मला अहवालात सापडला तो काकांच्या अपेक्षेपेक्षा दोन मैलांनी कमी होता. “दोन वाढवून लिही,” काका म्हणाले. “थकला असन पोट्टा त्या दिवशी.” मी म्हटलं, तसं असेल तर शेऱ्यात लिहू, आकड्यात नको. ते म्हणाले, वही माझी आहे. मी म्हटलं, हो. आणि आकडा होता तसाच ठेवला. “कॉन्व्हेंटमध्ये मोठ्यायचं न ऐकाचंच शिकवते काय?” असं जोरात म्हणून ते बागेत निघून गेले, आणि पाच किलोमीटरच्या आतच फिरायची परवानगी असताना मला वाटतं साडेचार किलोमीटर चालून आले. दोन दिवस ते बोलले नाहीत. मी दोन दिवस अकरा वाजता येऊन बसत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारी चहा ठेवला आणि म्हणाले, “चल, पुढचा पोट्टा.”

सप्टेंबरमध्ये इथल्या बारावीचा निकाल लागला. परीक्षा झालीच नव्हती; प्रत्येक मुलाला किती मार्क पडले असते ते शिक्षकांनी अंदाजानं लिहून दिलं होतं. डेक्लनच्या नातीला अपेक्षेपेक्षा कमी पडले होते. डेक्लन भिंतीपलीकडून हे सांगत होता आणि काका कपाला हात न लावता ऐकत होते. आत आल्यावर म्हणाले, “अंदाजानं पोराचं भविष्य लिहाचं म्हंजे लय जोखमीचं काम. मी जलमभर थेच केलं.” मग त्यांनी सांगितलं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी ते दर वर्षी पहाटे आपल्या घरी जादा वर्ग घेत. खोलीत सातच मुलं मावत. सात कोण, ते काका ठरवत. एका वर्षी मागच्या बाकावर एक मुलगी होती. बोलत नसे. त्यांनी तिला घेतलं नाही. पुढे वीस वर्षांनी एसटीत तिकीट काढताना कंडक्टर बाईनं विचारलं, “गुरुजी, ओळखलं काय?” ती बाई भरल्या गाडीत, एका हातानं दांडा धरून, साठ माणसांचा हिशेब तोंडी करत होती. “मी म्हनलं, ओळखलं. थे म्हने, मंग सरका आत, लोकं खोळंबले.” काका हसले आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. “काही वाईट नाई झालं तिचं. पन थे खोलीत मावली असती वं. मी नीट पाह्यलंच नाई.”

एकवीसच्या मार्चमध्ये दक्षिणेकडच्या कॉर्क शहरातल्या एका औषधांच्या कंपनीत, गुणवत्ता तपासणीच्या विभागात, माझ्या दोन मुलाखती व्हिडिओवरून झाल्या. दोन्हींत मी विचारलं तेवढंच बोलले. तरी शेवटच्या दोघांत मी आहे असं त्यांनी कळवलं आणि माझ्याविषयी सांगू शकतील अशा दोन व्यक्तींची नावं मागितली. एक माझे प्राध्यापक. दुसरी, जिच्या हाताखाली काम केलंय अशी. माझ्या मुदतीतले थोडेच महिने उरले होते. मला कुणीच आठवेना.

“बाबांचं दे ना,” मैत्रीण म्हणाली.

“काहीतरीच काय!”

“अगं, खोटं काय त्यात? नऊ महिने काम केलंयस. निवृत्त मुख्याध्यापक आहेत. इथे मास्तरांना मान असतो.” आणि तिनंच माझ्या हातून लॅपटॉप घेऊन फॉर्मवर लिहिलं: संशोधन सहायक, गुणवत्ता मूल्यमापन.

एप्रिलमध्ये कोरियाचा मोसम सुरू झाला त्याच आठवड्यात, सकाळी पावणेअकराला, काकांचा फोन वाजला. मी जिन्यावर होते. कॉर्कच्या बाई, हे मला काकांच्या “येस मॅडम” वरूनच कळलं. त्यांनी टीव्ही बंद केला. नुसता आवाज कमी नाही, बंद. मी तिथेच पायरीवर बसले. खाली जायचं धाडस नव्हतं आणि वर जाववत नव्हतं.

“मॅडम, व्हेरी गुड मॉर्निंग. हाऊ इज युवर हेल्थ? ... मी टू. सो मॅडम, फर्स्ट आय विल टेल डिफेक्ट्स.”

मी कठड्याला धरलं.

“डिफेक्ट नंबर वन. शी इज नॉट टॉकिंग. फर्स्ट मंथ, टोटल इलेव्हन सेंटेन्सेस. डिफेक्ट नंबर टू. शी इज सेइंग सॉरी टू डोअर, सॉरी टू चेअर. नंबर थ्री. शी इज चेकिंग गॅस थ्री टाइम्स.” थोडा वेळ ते ऐकत होते. “नो मॅडम, राइट. फॉर मेडिसिन फॅक्टरी दॅट इज नॉट डिफेक्ट. आय विल कट नंबर थ्री.”

मग तिकडून विचारलं गेलं असावं की काम नेमकं काय होतं. काकांनी सगळं खरं सांगितलं. बेसबॉल, दोनशे मुलं, हजेरीवही, पाच फेऱ्या. मी डोळे मिटून घेतले. एवढी वर्षं शिकून, समुद्र ओलांडून, माझं नशीब शेवटी एका शेरा लिहिणाऱ्या माणसाच्या हाती गेलं होतं, आणि तो माणूस कॉर्कच्या बाईंना डावखुऱ्याच्या वडिलांचा ट्रक समजावून सांगत होता.

“मॅडम, वन डे आय टोल्ड हर, राइट टू माइल्स मोअर. आय लाइक दॅट बॉय. शी सेड नो. आय शाउटेड. मॅडम, आय वॉज हेडमास्टर. थर्टी फोर इयर्स नोबडी करेक्टेड मी. शी डिड नॉट रेज हर व्हॉइस.” इथे त्यांनी घसा खाकरला. “शी डिड नॉट चेंज द नंबर ऑल्सो.”

खाली हजेरीवहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

“येस मॅडम. नो, नो, नॉट रिलेटिव्ह. टेनंट... मॅडम, वन क्वेश्चन फ्रॉम माय साइड. युवर कंपनी, पोझिशन इज टॉप ऑर बॉटम?... टॉप! देन प्रॉपरली यू शुड चूज लास्ट. बट टेक हर. क्वाएट गर्ल, पीपल मिस. आय मिस्ड वन टाइम.”

फोन ठेवल्यावर त्यांनी टीव्ही लावला. मी जिन्यावरून उतरले तेव्हा त्यांनी मागे न बघता सांगितलं, “बाई चांगली हाय. हसत होती मधामधात. काय होईन सांगता येत नाई.” मला पुष्कळ काही बोलायचं होतं. मी म्हटलं, “चहा ठेवू?” ते म्हणाले, “ठेव.”

तिसऱ्या दिवशी कॉर्कहून फोन आला. जागा माझी होती. ठरलेलं सगळं सांगून झाल्यावर त्या बाई म्हणाल्या की शिफारशीच्या फोनवर उमेदवाराचे दोष आधी ऐकवणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला, त्यामुळे नंतरचं सगळं त्यांनी खरं मानलं. “युवर मॅन इज ग्रेट क्रॅक,” असंही म्हणाल्या, म्हणजे माणूस मोठा गमतीचा आहे. आणि मी फोनवर पहिल्यांदाच खळखळून हसले. त्याही हसल्या. मी त्यांच्याशी पंचवीस मिनिटं बोलले, बहुतेक काकांबद्दलच.

मे महिन्यात जिल्ह्याबाहेर जायची परवानगी मिळाल्यावर मी कॉर्कला आले. काका जूनमध्ये परतले. डेक्लननं त्यांना भिंतीवरून एक जुनी हर्लिंगची काठी दिली. ती सामानात बसेना म्हणून ते हातातच घेऊन गेले, आणि विमानतळावर ते शस्त्र नाही हे पटवायला त्यांना बराच वेळ लागला म्हणे. आता दर रविवारी सकाळी मी त्यांना फोन करते. तिकडे दुपार असते. ते आयरिश माणसासारखे आधी हवेचं बोलतात. मग डावखुऱ्याचं. तो बालवाडीत आहे, कधी चांगलं फेकतो, कधी धू-धू धुतला जातो, पण दर आठवड्याला त्याला चेंडू मिळतो. मग मी माझं सांगते. कुठल्या खेपेत काय चुकलेलं सापडलं, साहेब काय म्हणाला, मी काय म्हटलं.

गेल्या रविवारी मी विचारलं, “काका, परत कधी येणार?” पलीकडे नुसता कूलरचा आवाज येत राहिला. त्या घरात ते एकटेच असतात. मग म्हणाले, “पाहू. पासपोर्ट हाय अजून चार वर्साचा.” आणि लगेच, “तिकडे ऊन पडलं काय?”

फोन ठेवून मी खाली स्वयंपाकघरात आले. माझी इथली घरमालकीण टोस्ट खात बसली होती. भिंती पातळ आहेत. ती म्हणाली, “तासभर बोलत होतीस. वडील का?”

“नाही,” मी म्हटलं. मैत्रिणीचे सासरे असं सांगणार होते, पण ते पुरेसं वाटेना. “मी त्यांच्या हाताखाली काम करत होते.”

“हो? कसलं काम?”

एरवी मी काहीतरी पुटपुटून वर निघून गेले असते. मी केटल चालू केली, खुर्ची ओढली आणि सांगायला बसले.